गाडीत अम्मी कुठे झोपणार?

गेल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ नवी गाडी घेऊन घाटकोपरला आला. तीन दारांची, उंच चाकांची, फोर बाय फोर. सोसायटीतली पोरं गाडीभोवती जमली. शीरखुर्मा खाता खाता त्याने बेत सांगितला, "आपा, यंदा गावाला सरळ हायवेने जायचं नाही. समुद्राच्या कडेकडेने जाऊ. हॉटेल नको, तंबू ठोकू. जिथे आवडेल तिथे मुक्काम."

आम्हा सगळ्यांना बेत आवडला. आमचं गाव दापोली तालुक्यात. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी तीन वर्षं गावी गेल्या नव्हत्या. त्या लगेच तयार झाल्या आणि गाडीत बसून बघायला खाली आल्या. पुढच्या सीटवर चढायला प्लास्टिकचं स्टूल आणावं लागलं. मागे बसायचं तर पुढची सीट झुकवून त्या फटीतून आत जायला हवं, ते त्यांना जमेना. दोन्ही गुडघे गेलेले आहेत. उतरताना माझ्या खांद्यावर भार टाकून त्या म्हणाल्या, "तुम्ही जा बेटा. मी घर बघते."

भावाचा चेहरा उतरला. त्याचं अम्मींवर प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण गाडी घेताना त्याने इंजिन पाहिलं, टायर पाहिले, रंग पाहिला. अम्मी त्या यादीत नव्हत्या. त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं, आणि तेच आज मांडते आहे. भटकंतीसाठी गाडी निवडताना आपण फक्त गाडी निवडत नसतो, घरातलं कोण मागे राहणार हेही त्याच वेळी ठरत असतं. म्हणून गाडीचं माप घरातल्या सगळ्यात अशक्त माणसावरून घ्यावं. आणि ते दिवसाच्या रस्त्यापेक्षा रात्रीच्या मुक्कामावरून घ्यावं.

गाडीतून लांबचा प्रवास आणि वाटेत उघड्यावर मुक्काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जीपच येते. त्याला कारणही आहे, जीपचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. 1945 साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीच्या नावातलं 'मोहम्मद' गेलं आणि 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. या कंपनीचा कांदिवलीचा कारखाना तर उपनगरातल्या कित्येक घरांची रोजीरोटी राहिला आहे. त्यामुळे भाऊ म्हणतो, "आपा, जीप आपल्याच भागातली," तेव्हा तो फार चुकत नाही.

पण ती जीप मुळात बनली कशासाठी? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी. चिखलातून, शेतातून, रस्ता नसलेल्या मुलखातून तीन-चार धडधाकट जवान आणि थोडा सरंजाम न्यायचा, हे तिचं काम. त्यात म्हातारं माणूस बसवायचा विचारच नव्हता. आजच्या फोर बाय फोर गाड्या आरामशीर झाल्या आहेत, पाच दारांच्याही मिळतात. पण त्यांची रचना अजून त्या मूळ कामाची आठवण ठेवून आहे.

दुसरीकडे, गाडीत झोपत देशोदेशी फिरण्याचा जो खरा इतिहास आहे, तो बराचसा डब्यासारख्या साध्या व्हॅनचा आहे. 1950 साली जर्मनीत फोक्सवॅगनची मालवाहू व्हॅन निघाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात झोपायची सोय करून द्यायला सुरुवात झाली. 1960 आणि 70 च्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून भारतात यायची, ती अशाच व्हॅनमधून आणि जुन्या बसमधून. चारही चाकांना ताकद असलेली गाडी त्यातल्या फारच थोड्यांकडे असेल. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि ती वाट बंद पडली. ती बंद पडली ती राजकारणाने, गाड्यांच्या कमजोरीने नव्हे.

त्याही आधीचा दाखला मला उर्दू शिकवताना सापडला. गाडा या अर्थाचा 'अराबा' हा शब्द उर्दूतही आहे, आणि तुर्की माणूस आजही मोटारीला 'अराबा'च म्हणतो. 1325 साली मोरोक्कोतल्या तँजिअरहून निघालेला इब्न बतूता पुढे किपचाकांच्या गवताळ प्रदेशात, म्हणजे आजच्या दक्षिण रशियाच्या बाजूला पोहोचला, तेव्हा त्याने असे चारचाकी अराबे पाहिले. गाड्यावर लाकडी पट्ट्यांचा, वर नमदा घातलेला हलका तंबू, त्याला जाळीच्या खिडक्या. आत बसलेल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. गाडा चालू असताना आतला माणूस झोपू शकतो, जेवू शकतो, वाचू-लिहू शकतो, असं वर्णन त्याने केलं आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या या प्रवाशाने गाड्याच्या ताकदीबरोबर आतल्या माणसाची सोय पाहिली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. मुंबई उपनगरातला माणूस सुट्टीत जातो कुठे? कोकण, भंडारदरा, महाबळेश्वर, फार तर गोवा. आम्ही ठरवलेली वाट अशी होती : भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडवा. तिथून अलिबाग, मुरूड, मग आगरदांडा ते दिघी जंगलजेटीने खाडी पार. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला ते वेश्वी दुसरी खाडी. मग दापोली, आमचं गाव. पुढे दाभोळ ते धोपावे तिसरी खाडी आणि गुहागर. या सगळ्या वाटेवर डांबरी रस्ता आहे. अरुंद आहे, वळणांचा आहे, पावसाळ्यानंतर खड्ड्यांचा आहे. पण फोर बाय फोरवाचून अडेल असा नाही.

गाडीचा कस लागतो तो वेगळ्याच ठिकाणी. ओहोटीला जंगलजेटीचा उतार तीव्र होतो, तेव्हा पुढचा बंपर खाली आलेल्या गाडीचा खालचा भाग घासतो. भरलेली गाडी घाटात पहिल्या गिअरवर चढताना इंजिनचा दम निघतो. गावातल्या बोळात समोरून एसटी आली की मागे घ्यावी लागते, तिथे गाडीची रुंदी नडते. म्हणून मी पाहीन ते जमिनीपासूनचं अंतर, पुढच्या बंपरची उंची आणि भरलेल्या गाडीची चढण्याची ताकद. जमिनीपासून साधारण 18 सेंटीमीटर अंतर असलेल्या गाडीने आमचं काम भागलं आहे. थारचं हे अंतर 22.6 सेंटीमीटर आहे, जिम्नीचं 21. ते चांगलंच आहे. पण त्या वरच्या तीन-चार सेंटीमीटरसाठी अम्मींना घरी ठेवायचं का, हा माझा सवाल आहे.

राहिली वाळू. उंच गाडी घेतली की ती किनाऱ्यावर उतरवायचा मोह होतो. भरती आल्यावर वाळूत फसलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सुट्टीत आपल्या मोबाइलवर येतातच. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांबरोबर ती घरटी जपली आहेत. तिथे वाळूवर गाडी घालणं म्हणजे दुसऱ्याच्या पाळण्यावर चाक घालणं. ज्या कामासाठी फोर बाय फोर हवी असं वाटतं, त्यातलं अर्धं काम करूच नये असं असतं.

मग हिशेब कशाचा करायचा? पहिला वजनाचा. मी मुलांना गणित शिकवत नाही, पण हे गणित घरच्या वहीत मांडलं. आम्ही पाच जण : मी, नवरा, दोन मुलं आणि अम्मी. सगळे मिळून 300 किलो. पिण्याचं, स्वयंपाकाचं, वुजूचं आणि भांड्यांचं धरून एका मुक्कामाला 40 लिटर पाणी, म्हणजे 40 किलो. तंबू, गाद्या, शेगडी, भांडी, शिधा, कपडे मिळून 80 किलो. झाले 420. आता गाडीच्या माहितीपुस्तकात भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमची मर्यादा. सात सीट आहेत म्हणजे सात माणसं आणि सातांचं सामान मावतं, हा गैरसमज आहे. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडर डिकीची जागाही खातो आणि वजनही, आणि आतल्या गावांत पंप शोधत फिरावं लागतं.

छपरावर बसवायचा तंबू सध्या फार चालतो. त्याचंच वजन 50-60 किलो असतं. आपल्याकडच्या साध्या गाड्यांच्या छपराला एवढं वजन चालतं का, हे आधी पुस्तकात बघावं. उंचावर वजन गेलं की वळणावर गाडी झुकते, आणि आपली कोकणची वाट म्हणजे वळणंच वळणं.

दुसरा हिशेब रात्रीचा. आमची निवड शेवटी यानेच ठरवली. अम्मी छपरावरच्या तंबूत शिडीने चढू शकत नाहीत. जमिनीवरच्या तंबूत त्या झोपतील, पण फजरला उठतील कशा? खाली बसलेलं माणूस उठवायला दोघे लागतात. त्यांना पलंगाच्या उंचीवर झोपायला हवं. म्हणजे जिच्या सीट दुमडून आत एक माणूस नीट आडवं होऊ शकेल आणि मागच्या दाराच्या काठावर बसून पाय आत घेता येतील अशीच गाडी हवी. ही एकच अट लावली आणि निम्म्या गाड्या यादीतून गेल्या. चार मीटरच्या आतल्या बहुतेक फोर बाय फोर गाड्या पहिल्याच फेरीत बाद. जिम्नीची डिकी मागच्या सीट उभ्या असताना 208 लिटरची. त्यात आमचं स्वयंपाकाचं सामानही मावलं नसतं.

तिसरा हिशेब उरलेल्या वर्षाचा. भटकंतीचे दिवस वर्षातून दहा-बारा. बाकी दिवस गाडी सोसायटीतच उभी. आमच्या वाट्याला आलेली जागा साडेचार मीटर लांब आहे. थोरल्या मेव्हण्यांनी जुनी इनोव्हा क्रिस्टा सुचवली, दणकट गाडी. पण तिची लांबी 4.7 मीटरच्या वर. रोज रात्री शेजाऱ्याशी भांडण करून मिळणारी भटकंती आम्हाला नको होती.

चौथा हिशेब दुरुस्तीचा. माणगाव, महाड, खेड इथल्या गॅरेजवाल्याला जी गाडी झोपेतही खोलता येते, ती आपली गाडी. बोलेरो, इको, एर्टिगा यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. परदेशी बनावटीची देखणी गाडी बंद पडली तर तिला ट्रकवर घालून मुंबईलाच आणावं लागतं.

नवऱ्याच्या मनात इको होती. लांबी फक्त 3.67 मीटर, सरकती दारं, चौकोनी डबा, किंमत कमी. "मागच्या सीट काढून पलंगच बसवू," तो म्हणाला. इथे दोन गोष्टी आड आल्या. एक कायदा. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं आहे. सीट काढून पलंग ठोकला तर दंड आहेच, अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळा. दुसरी गोष्ट सुरक्षेची. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला शून्य तारे मिळाले होते. पुढे तिच्यात एअरबॅग आल्या. पण आमच्या बजेटमध्ये जुनीच गाडी येत होती, आणि मुलांना त्यात बसवून घाट उतरायला माझं मन घेईना.

भाड्याने कॅराव्हॅन घेण्याचाही विचार केला. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. ज्यांना वर्षातून एकदाच जायचं आहे, त्यांनी हाच मार्ग आधी तपासावा असं मी म्हणेन. गाडी विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडू शकतं. भाड्याची गाडी स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत ना, एवढं बघावं. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नये. आम्हाला मात्र वर्षभर अम्मींना दवाखान्यात न्यायलाही गाडी हवी होती.

शेवटी आम्ही 2019 ची जुनी पेट्रोल एर्टिगा घेतली. व्याजाचं कर्ज नको असा नवऱ्याचा आग्रह होता, म्हणून साठवलेल्या पैशात बसेल तीच. घेण्याआधी दोन वेळा अम्मींना सोबत नेलं. एकदा त्यांना मधल्या सीटवर चढायला-उतरायला लावलं. दुसऱ्यांदा मागच्या सीट दुमडून, घरून नेलेली गादी टाकून त्यांना चक्क आडवं केलं. विकणारा माणूस हसत होता. अम्मीही हसत होत्या. पण उठताना त्यांनी कुणाचा हात मागितला नाही, आणि तिथेच माझा निर्णय झाला.

या गाडीतही खोट आहे, ती लपवत नाही. एर्टिगाला ग्लोबल एनकॅपने 2019 मध्ये 3 तारे दिले होते, 2024 च्या कडक निकषांवर एकच. थारला 2020 मध्ये 4 तारे मिळाले होते. भाऊ हे मला आजही ऐकवतो, आणि त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. माझ्याकडे त्यावर एवढंच आहे की आम्ही रात्री गाडी चालवत नाही, मागे बसलेलेही पट्टा लावतात, आणि एकही डबा मोकळा ठेवत नाही. अचानक ब्रेक लागला तर पाण्याचा कॅन डोक्यात बसतो. उद्या ऐपत झाली तर जास्त सुरक्षित गाडी घेऊ, पण त्या गाडीलाही हीच गादीची परीक्षा द्यावी लागेल.

मे महिन्यात गाडीत झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं, म्हणून आम्ही नाताळच्या सुट्टीत निघालो. दाभोळच्या जेटीवर ओहोटी लागली होती. आम्ही सगळे उतरलो, गाडी रिकामी करून तिरकी चढवली आणि मग अम्मींना हात धरून बोटीवर नेलं. गुहागरजवळ एका ओळखीच्यांच्या वाडीत मुक्काम केला. किनाऱ्यावर नाही, त्यांच्या अंगणात, ठरलेले पैसे देऊन. संडास वीस पावलांवर. बायकांना सोबत घेऊन उघड्यावर मुक्काम करणाऱ्याने जागा निवडताना सूर्यास्त नंतर पाहावा, संडास आधी. मी, नवरा आणि मुलगा तंबूत. अम्मी आणि माझी मुलगी गाडीत, काचा चार बोटं उघड्या, त्यांवर मच्छरदाणीची जाळी लावलेली. एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, आणि आत शेगडी पेटवायची नाही. विषारी वायूने झोपेतच जीव जातो. हे मुलांना मी शाळेतल्यासारखं तीन वेळा म्हणून दाखवायला लावलं.

भाऊही त्याच्या गाडीने आला होता. सामानातलं जड ते सगळं त्याच्या गाडीत होतं, आणि दापोलीच्या अलीकडे एका कच्च्या उतारावर त्यानेच आधी जाऊन वाट बघून दिली. म्हणून त्याच्या गाडीला मी नावं ठेवत नाही. एकट्याने किंवा दोघा मित्रांनी पावसात सह्याद्रीच्या कच्च्या वाटा धुंडाळायच्या असतील तर तीच गाडी योग्य. प्रश्न फक्त एवढाच की गाडी घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला तिच्यात बसवून पाहिलं का. त्यातही जो "माझं काय, मी कुठेही बसेन" म्हणतो, त्याला आधी. कारण तोच बहुधा शेवटी घर बघायला मागे राहतो.

पहाटे मी तंबूतून बाहेर आले तेव्हा गाडीचं मागचं दार वर होतं. अम्मी काठावर पाय सोडून बसल्या होत्या. लोट्याने वुजू करून झाली होती, ओढणी नीट करत होत्या. मला म्हणाल्या, "तुझ्या अब्बांना हे आवडलं असतं." मग जरा थांबून, "पण गादी जरा जाड आण पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी, असं त्या म्हणाल्या. गादी मी कुर्ल्याहून आणून ठेवली आहे.